शिडाच्या नौकेस रडारचा पल्ला किती असावा?

कोथरूडात राहणाऱ्या मनुष्यास समुद्राचे दर्शन सहजासहजी घडत नाही. सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेत नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांवर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. तथापि पुण्याचा व शिडाच्या नौकांचा काहीच संबंध नाही असे मात्र नव्हे. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडे हाकावयास शिकतात. ज्या अभियंता दलाचे महाविद्यालय दापोडीस आहे, त्याच दलाच्या 'तृष्णा' नौकेने १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्यामुळे आमच्या एका माजी विद्यार्थ्याने छोटी शिडाची नौका घेऊन मुंबईहून गोव्यापर्यंत, आणि जमल्यास त्याही पुढे, जाण्याचा बेत सांगितला, तेव्हा आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते त्याच्या प्रश्नाचे. रडार घ्यावयाचे तर २४ मैल पल्ल्याचे, ३६ मैलांचे की ४८ मैलांचे, असे त्याने विचारले. आणि त्याचा कल अर्थातच ४८ कडे होता. पदव्युत्तर वर्गात रडारचे समीकरण शिकलेला हा विद्यार्थी. समीकरण पाठ होते, परंतु ते समुद्रावर नेऊन लावून पाहिलेले नव्हते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्याच्याशी झालेल्या चर्चेवर आधारलेला आहे.

चर्चेस आरंभ झाला तो वेताळ टेकडीवर. कोथरूडातून पाषाण दिसत नाही. अंतर फार नाही, तीन-चार किलोमीटरच. पण टेकडी आड येते. कोथरूडातल्या गच्चीवर कितीही प्रखर दिवा लावला तरी पाषाणातल्या मनुष्यास तो दिसणार नाही. टेकडीवर चढून गेले म्हणजे मात्र दोन्ही बाजू एकाच वेळी दृष्टीस पडतात. येथे प्रकाशाच्या शक्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न आहे तो उंचीचा. समुद्रावर टेकडी नसते, परंतु पृथ्वीचा स्वतःचा फुगवटा टेकडीचेच काम करतो. नौकांवरील रडार सुमारे तीन सेंटिमीटर तरंगलांबीवर चालते, आणि या तरंगांचा मार्ग जवळजवळ सरळ असतो. वातावरणाच्या घनतेतील फरकामुळे ते किंचित खाली वाकतात, म्हणून रडारचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजाहून थोडे दूर असते, पण थोडेच.

पृथ्वीची त्रिज्या चार-तृतीयांश पटीने मोठी धरून या वाकण्याचा हिशेब करण्याची पद्धत सर्वमान्य आहे. तीवरून मिळणारे सूत्र असे: अँटेनाची उंची व लक्ष्याची उंची मीटरांत घ्यावी, दोहोंची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी, आणि तिला २.२२ ने गुणावे. उत्तर सागरी मैलांत येते. छोट्या नौकेच्या मागील टोकास खांब उभारून त्यावर ४ मीटर उंचीवर अँटेना बसविली, तर तिचे स्वतःचे क्षितिज ४.४ मैलांवर येते. समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाचा वरचा भाग पाण्यापासून २५ मीटर उंच असेल, तर त्याचे क्षितिज ११.१ मैल. म्हणजे ते जहाज जास्तीत जास्त साडेपंधरा मैलांवर रडारच्या दृष्टिपथात येईल, आणि तेही केवळ त्याचे टोक. हीच अँटेना डोलकाठीच्या मध्यावर, ९ मीटर उंचीवर नेली तर साडेपंधराचे पावणेअठरा मैल होतात. मासेमारीच्या मचव्याची केबिन ४ मीटर उंच धरली तर हे आकडे अनुक्रमे ८.९ व ११.१ मैल असे येतात. आणि पाण्याबाहेर जेमतेम मीटरभर असलेल्या होडीच्या बाबतीत ६.७ व ८.९.

आता प्रश्न उलटा विचारून पाहू. हे २५ मीटर उंचीचे जहाज ३६ मैलांवर दिसावे असे वाटत असेल, तर अँटेना किती उंच हवी? हिशेब करता उत्तर १२६ मीटर येते. ४८ मैलांसाठी ते सुमारे २७६ मीटर येते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या, पृथ्वीप्रदक्षिणेसाठी नावाजलेल्या 'तारिणी' या सुमारे ५५ फुटी नौकेची डोलकाठीसुद्धा २५ मीटर उंच आहे. तिच्या अगदी शेंड्यावर अँटेना नेली तरी तसले जहाज २२ मैलांपलीकडे दिसणार नाही. याचा अर्थ, विक्रीपत्रकात छापलेल्या ४८ या आकड्याचा निम्म्याहून अधिक भाग आमच्या विद्यार्थ्याच्या नौकेवर क्षितिजाच्या खालीच राहणार होता. पैसे मात्र पूर्ण ४८ मैलांचे द्यावे लागले असते.

येथे कोणी म्हणेल, मग अँटेना शेंड्यावर का नेऊ नये? त्याची कारणे दोन. पहिले नौकेच्या समतोलाचे: उंचावर टाकलेला प्रत्येक किलो नौकेच्या सावरण्याच्या शक्तीतून वजा होतो. दुसरे कारण कमी बोलले जाते. अँटेनाची शलाका उभ्या दिशेने साधारण २५ अंश पसरलेली असते, म्हणजे क्षितिजाच्या खाली साडेबारा अंश. २५ मीटर उंचीवरून ही खालची कड पाण्यास सुमारे ११३ मीटरांवर टेकते. ४ मीटर उंचीवरून १८ मीटरांवर. बंदराच्या तोंडाशी धुक्यात किंवा मुसळधार पावसात चाचपडणाऱ्या नौकेस शंभर मीटरांच्या आतलेच पाहण्याची गरज असते. उंची वाढवून दूरचे दिसते, जवळचे निसटते.

शक्तीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे, कारण गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. मोकळ्या अवकाशातील लक्ष्यापासून परत येणारी शक्ती अंतराच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असते. म्हणून २ किलोवॉटऐवजी ४ किलोवॉटचा प्रेषक घेतला तर पल्ला दुप्पट न होता केवळ १९ टक्क्यांनी वाढतो. परंतु समुद्रपृष्ठाजवळच्या लक्ष्याच्या बाबतीत चतुर्थ घातही उदार ठरतो. अशा लक्ष्याकडे तरंग दोन मार्गांनी जातात, एक सरळ आणि दुसरा पाण्यावरून परावर्तित होऊन. परावर्तनाच्या वेळी दुसऱ्या तरंगाची कला उलटते. अंतर वाढत जाऊन दोन्ही मार्गांच्या लांबीतील फरक नगण्य झाला की दोन्ही तरंग एकमेकांस जवळजवळ पुसून टाकतात. जाताना हे घडते, येतानाही घडते. परिणामी परतणारी शक्ती अंतराच्या अष्टम घाताने घटू लागते. ४ मीटर उंचीची अँटेना व तितक्याच उंचीचे लक्ष्य घेतले तर ही अवस्था साधारण साडेतीन मैलांपासूनच सुरू होते. तेथून पुढे शक्ती दुप्पट केल्याने पल्ला केवळ ९ टक्के वाढतो.

बाजारात २४ मैलांचे म्हणून जे यंत्र मिळते ते बहुधा २ किलोवॉटचे व ४५ सेंटिमीटर अँटेनाचे असते. त्याहून मोठे म्हणून मिळते ते ४ किलोवॉटचे व ६० सेंटिमीटरचे. शक्ती दुप्पट आणि अँटेनाची रुंदी सव्वापटीहून थोडी अधिक, हे दोन्ही गुण एकत्र धरून उंच लक्ष्यासाठी हिशेब केला तर पल्ला सुमारे १.३७ पट होतो, म्हणजे २४ चे ३३. पत्रकातला आकडा अगदीच निराधार नाही, तर! मात्र तो उंच लक्ष्यास लागू. सखल लक्ष्यासाठी तीच सुधारणा १.१७ पट ठरते. जी होडी ६ मैलांवर दिसत होती ती ७ मैलांवर दिसू लागते, इतकेच. तरीही माझे मत असे की, या दोन सुधारणांपैकी एकच निवडावयाची असेल तर अँटेनाची रुंदी निवडावी, शक्ती नव्हे. याचे कारण शलाकेच्या रुंदीत आहे. ४५ सेंटिमीटरच्या अँटेनाची शलाका आडवी सुमारे ५ अंश पसरते. १२ मैलांवर ५ अंश म्हणजे एक मैलाहून थोडे अधिक. तेथे एकमेकांपासून मैलभर अंतराने शेजारी-शेजारी चाललेली दोन जहाजे पडद्यावर एकच ठिपका होऊन बसतात. ६० सेंटिमीटरच्या अँटेनाची शलाका पावणेचार अंशांची असते. शिवाय लाटांवरून येणारे निरर्थक प्रतिध्वनी शक्तीबरोबरच वाढतात, त्यामुळे लाटांच्या गर्दीत हरवलेली होडी अधिक शक्तीने वर येत नाही. शलाका अरुंद केली आणि स्पंद आखूड केला, तरच ती वेगळी दिसते. ०.०८ मायक्रोसेकंदाचा स्पंद १२ मीटरांचा भेद दाखवू शकतो. लांबच्या पल्ल्यासाठी वापरला जाणारा १ मायक्रोसेकंदाचा स्पंद १५० मीटरांचा. तात्पर्य, लांबचे पाहण्यासाठी यंत्र जे करते तेच जवळचे पाहण्याच्या आड येते.

मग गरज तरी किती मैलांची? हा प्रश्न अंतराचा दिसतो, पण वस्तुतः तो वेळेचा आहे. समजा, नौका ६ नॉट वेगाने चालली आहे आणि समोरून एक जहाज २० नॉटने येत आहे. दोघे एकमेकांकडे ताशी २६ मैलांनी धावत आहेत. पहिला प्रतिध्वनी दिसताच काही ठरविता येत नाही. सहा-सहा मिनिटांच्या अंतराने आणखी दोन स्थाने टिपली म्हणजे जहाजाची सापेक्ष गती व ते किती जवळून जाईल हे समजते. यात १२ मिनिटे गेली. त्यानंतर टक्कर टाळण्यासाठी नौकेस एक मैल बाजूस सरकावयाचे असेल, तर ६ नॉटने त्यास १० मिनिटे लागतात. मोटारीने जाणारे जहाज पाच मिनिटांत जे करील ते शिडाच्या नौकेस वाऱ्याची मर्जी सांभाळून करावे लागते, हे येथे विसरता कामा नये. एकूण २२ मिनिटे. २६ नॉटच्या सापेक्ष वेगाने ते साडेनऊ मैल होतात. म्हणजे मोठे जहाज दहा मैलांवर दिसले पाहिजे, आणि आपल्या ४ मीटर उंच अँटेनाचे या जहाजापुरते क्षितिज साडेपंधरा मैल आहे. पुरते, थोडे शिल्लकही राहते. ८ नॉटने येणाऱ्या मचव्यासाठी हाच हिशेब पाच मैल देतो.

खरी टंचाई येथे आहे. क्षितिजाच्या सूत्रानुसार मचवा पावणेनऊ मैलांवर दिसावयास हवा; परंतु लाकडाचे किंवा फायबरचे अंग तरंगांस फारसे परतवीत नाही, आणि लाटा उसळल्या असतील तर तो दोन-तीन मैलांच्या आत आल्याखेरीज पडद्यावर खात्रीने उमटत नाही. लागतात पाच, मिळतात दोन-तीन. ४८ मैलांचे यंत्र ही तूट भरून काढीत नाही. कोकणकिनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली की रात्री समुद्रावर मचव्यांची किती दाटी होते, हे त्या किनाऱ्याने प्रवास केलेल्यांस सांगावयास नको. शिडाच्या नौकेस धोका आहे तो या दोन-तीन मैलांच्या वर्तुळात.

दूरच्या मोठ्या जहाजांची चिंता अलीकडे वेगळ्याच साधनाने कमी केली आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांहून मोठ्या जहाजांवर स्वयंचलित ओळख-यंत्रणा, जिला सर्वत्र 'एआयएस' म्हणतात, ती २००४ च्या अखेरीपर्यंत सक्तीची झाली. जहाज आपले नाव, स्थान, दिशा व वेग स्वतःच रेडिओवरून कळवीत राहते. ते ऐकणारा ग्राहक अगदी थोड्या विजेवर चालतो आणि डोलकाठीच्या शेंड्यावरील हलक्या अँटेनावरून वीस मैलांपलीकडचेही ऐकतो. म्हणजे जे काम ३६ मैलांच्या रडारकडून अपेक्षिले जात होते, त्यातील बराचसा भाग हे स्वस्त साधन करते. परंतु ते ऐकते ते बोलणाऱ्याचेच. गप्प बसलेला मचवा, दिवा विझलेला बोया, खडक, पाऊस, किंवा ज्याने आपले यंत्र जाणूनबुजून बंद ठेवले आहे असे जहाज, यांच्यासाठी रडारच हवे; आणि ही बहुतेक लक्ष्ये जवळची आहेत.

शिवाय अशीही संकटे आहेत की ज्यांच्यापुढे दोन्ही साधने हात टेकतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या मुखाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही दोन मोठी जहाजे आदळली. चित्रावरील शेकडो पेटारे समुद्रात पडले, आणि त्यांतील कित्येक पाण्याच्या पातळीस अर्धवट बुडून तरंगत राहिले. बंदराची वाहतूक त्यामुळे काही दिवस थांबवावी लागली. पाण्याबाहेर वीतभर डोकावणारा पेटारा लाटांतून वेगळा काढणे कोणत्याही पल्ल्याच्या रडारला कठीणच.

दूरचा पल्ला उपयोगी पडतो असा एक प्रसंग मात्र मान्य केला पाहिजे, आणि तो म्हणजे वादळी ढगांचा. पावसाचा स्तंभ समुद्रपृष्ठावर सखल नसतो. गडगडाटी ढगाचा माथा दहा किलोमीटर उंच गेला तर त्याचे क्षितिज दोनशे सागरी मैलांच्या पलीकडे जाते. तेव्हा येथे पृथ्वीचा फुगवटा आड येत नाही, आणि पावसाचे थेंब तीन सेंटिमीटरचे तरंग चांगले परतवितात. वैशाखात किंवा विषुववृत्ताजवळ २४ मैलांवर दिसलेला ढग ताशी २५ मैलांनी येत असला तरी शिडे आवरण्यास जवळजवळ तासभर मिळतो. तासाभराहून अधिक वेळेची आवश्यकता क्वचितच असते. म्हणून २४ मैल येथेही पुरतात. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की दाट पावसात हेच तरंग शोषलेही जातात, त्यामुळे पुढच्या सरीच्या आड दडलेली मागची सर पडद्यावर दिसत नाही. पडदा कोरा म्हणजे आकाश मोकळे असे समजणे धोक्याचे आहे.

पल्ल्याची गोष्ट निघाली असता मुंबईचा एक जुना अनुभव सांगण्याचा मोह आवरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईस दीड मीटर तरंगलांबीचे एक रडार होते. उन्हाळ्याच्या महिन्यांत त्याच्या पडद्यावर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येऊ लागले. हजार ते सतराशे मैलांवरून! नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होताच ते नाहीसे झाले. कारण असे की, उन्हाळ्यात अरबी समुद्रावर थंड, दमट हवेचा थर पाण्यालगत असतो आणि त्यावर जमिनीकडून आलेली उष्ण, कोरडी हवा पसरते. उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढते, आर्द्रता झपाट्याने कमी होते, आणि रेडिओतरंग या दोन थरांमध्ये नळीत अडकावे तसे अडकून पृथ्वीच्या वक्रतेबरोबर पुढे जात राहतात. मोसमी वाऱ्यांनी हवा ढवळली की नळी मोडते. अतिवक्रीभवनाचे उदाहरण म्हणून हा अनुभव रडारवरील पाठ्यग्रंथांत आजही दिला जातो.

नौकेच्या दृष्टीने यातला धडा आनंदाचा नाही. रडार एक स्पंद सोडते, प्रतिध्वनीची वाट पाहते, आणि मग दुसरा सोडते. सेकंदास २००० स्पंद जात असतील तर त्यास ७५ किलोमीटरांपर्यंतचाच, म्हणजे सुमारे ४० मैलांपर्यंतचाच प्रतिध्वनी निःसंदिग्धपणे मोजता येतो. ४५ मैलांवरील किनाऱ्याचा प्रतिध्वनी नळीतून परत आला तर तो पुढच्या स्पंदाचा समजला जातो, आणि पडद्यावर पाच मैलांपेक्षाही कमी अंतरावर एक खोटा किनारा उभा राहतो. फेब्रुवारी ते मे हाच काळ कोकणात शिडाच्या नौकांना सोयीचा. आणि हाच काळ या फसवणुकीचा. अशा वेळी दूरवरून आलेला प्रत्येक प्रतिध्वनी म्हणजे यंत्राच्या सामर्थ्याचा पुरावा असे मानणाऱ्यास पश्चात्ताप होण्याचा संभव अधिक.

पडद्यावरचे अंतर चुकीचे वाचले गेल्याने काय होऊ शकते, याविषयी एका प्रसिद्ध अपघाताची चर्चा अद्याप संपलेली नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यानजीक 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही प्रवासी जहाजे आदळली व ५१ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही जहाजांवर रडार चालू होते. दोघांनीही एकमेकांस पुष्कळ आधी पाहिले होते. 'स्टॉकहोम'वरील अधिकाऱ्याने पडद्याचा पल्ला किती मैलांवर लावलेला आहे हे ओळखण्यात चूक केली असावी, असा एक तर्क नंतरच्या अभ्यासकांनी मांडला आहे. तर्क खरा असो वा नसो, यंत्रांचा पल्ला अपुरा पडला असे कोणीच म्हटलेले नाही. पुढे १९७२ मध्ये ठरलेल्या व १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत, अपुऱ्या रडार-माहितीवरून अनुमान काढू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. याच नियमांत एक गोष्ट शिडाच्या नाविकांस अनेकदा माहीत नसते: उजेडात एकमेकांस दिसत असताना शिडाच्या नौकेस मोटारीच्या जहाजाकडून जो मान मिळतो, तो धुक्यात व पावसात मिळत नाही. जेथे दृष्टी मंदावते तेथे सर्वांचे कर्तव्य सारखे.

विद्यार्थ्याने मध्येच शंका काढली की हे सारे हिशेब नौका ताठ उभी धरून केलेले आहेत. शंका अगदी रास्त होती. शिडाची नौका वाऱ्यास तिरपी चालत असता २० अंश सहज कलते. तिच्यावर घट्ट बसविलेली अँटेनाही तितकीच कलते. शलाकेचा उभा पसारा मध्यापासून साडेबारा अंश. तेव्हा वाऱ्याच्या बाजूस ती आकाशाकडे पाहते आणि दुसऱ्या बाजूस पाण्यात खुपसली जाते. दोन्ही बाजूंचे क्षितिज शलाकेच्या मुख्य भागातून निसटते; समोरचे व मागचे तेवढे शाबूत राहते. ज्या बाजूने मोठे शीड दृष्टी अडवून धरते, त्याच बाजूस रडारही आंधळे व्हावे हे दुर्दैवच. यावर उपाय शक्तीचा नव्हे, बिजागरीचा आहे: अँटेना अशा झोक्यावर बसवावी की नौका कलली तरी ती पातळीत राहील. या झोक्याची किंमत २४ व ४८ मैलांच्या यंत्रांमधील फरकाहून बहुधा कमीच भरते.

विजेचा हिशेबही पाहावा. २ किलोवॉट हा आकडा स्पंदाच्या क्षणापुरता असतो, ०.०८ मायक्रोसेकंदाचे ३००० स्पंद दर सेकंदास गेले तर सरासरी उत्सर्जन अर्धा वॅटही भरत नाही. तरी अँटेना फिरविणारी मोटर, पडदा व इतर परिपथ मिळून सुमारे ३० वॅट घेतात. १२ व्होल्टच्या विद्युत्घटावरून हे अडीच अँपिअर होतात आणि अहोरात्रात ६० अँपिअर-तास. छोट्या नौकेस हा भार जड आहे, म्हणून प्रत्यक्षात रडार सतत चालत नाही; दर दहा-पंधरा मिनिटांनी काही फेरे मारून झोपी जाते. नव्या अर्धवाहक प्रेषकांत शिखरशक्ती वीस-पंचवीस वॅटच असते. लांब, सांकेतिक स्पंद पाठवून तो ग्रहणाच्या वेळी गणिताने आखूड केला जातो. यामुळे वीज वाचते आणि जवळचा भेदही सुधारतो. 'तारिणी'ने ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये जी दुसरी प्रदक्षिणा केली, तीत नौकेवर दिलना के. व रूपा ए. या दोनच अधिकारी होत्या. एक झोपली असता दुसरी एकटी. 'म्हादेई'वर २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांस तर दुसरे कोणीच नव्हते. अशा प्रवासात रडारला दूर पाहता येते की नाही याहून, ते ठरावीक वर्तुळात काही आल्यास विश्वासाने घंटा वाजविते की नाही, आणि पहाटेपर्यंत त्यास वीज पुरते की नाही, यास अधिक महत्त्व आहे.

येथवर आपण पाहणाऱ्याचा विचार केला. परंतु शिडाच्या छोट्या नौकेस दुसऱ्याच्या रडारवर दिसणे हेही तितकेच आवश्यक आहे, आणि विद्यार्थ्याच्या यादीत त्यासाठी एक पैसाही राखून ठेवलेला नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक 'ऊझो' नावाची २५ फुटी नौका रात्री एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या वाटेत येऊन बुडाली व तिच्यावरील तिघे दगावले. त्या चौकशीच्या निमित्ताने परावर्तकांची जी परीक्षा झाली, तीत डोलकाठीच्या दोराला बांधावयाचे चार इंची नळीचे परावर्तक कुचकामी ठरले. कारण सोपे आहे. तीन पत्रे एकमेकांशी काटकोनात जोडून केलेल्या कोपऱ्याचे परावर्तन-क्षेत्र त्याच्या कडेच्या लांबीच्या चतुर्थ घाताने वाढते. तीन सेंटिमीटरच्या तरंगांसाठी २० सेंटिमीटर कडेचा कोपरा साडेसहा चौरस मीटरांइतका दिसतो. ३० सेंटिमीटर कडेचा ३३ चौरस मीटरांइतका. दीडपट कडेत पाचपट प्रतिध्वनी! ज्या चतुर्थ घाताने शक्ती वाढविणाऱ्यास निराश केले, तोच येथे पत्रा कापणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

विद्यार्थ्याने अखेर ४५ ऐवजी ६० सेंटिमीटरची अँटेना घेतली, पण यंत्र २४ मैलांचेच ठेवले. ते झोक्यावर, मागच्या खांबास साडेचार मीटरांवर बसविले. पडदा बहुतेक वेळ ६ मैलांवर ठेवावयाचा, अर्ध्या-पाऊण तासाने एकदा १२ वर, आणि आकाश काळवंडले तर २४ वर नेऊन पाहावयाचा, असे त्याने ठरविले आहे. वाचलेल्या पैशांतून एआयएसचा संच आला, आणि ३० सेंटिमीटर कडेचा पत्र्याचा परावर्तक त्याने कोथरूडातल्याच एका कारखान्यात करून घेतला. पत्रे काटकोनापासून एक-दोन अंश जरी ढळले तरी परावर्तन बरेच घटते, म्हणून तो गुण्या घेऊन तेथे दोन वेळा जाऊन आला.